पहिल्या घासापासून दोन तास

११८ आणि १५२. या दोन आकड्यांची सरासरी काही केल्या १८६ निघत नाही. हिशेब तपासण्याच्या कामात माझी २२ वर्षं गेली आहेत. त्यामुळे १५ जानेवारी २०२४ ला डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचे हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहून माझ्यासमोर सरकवले, तेव्हा आधी मला वाटलं की लॅबनेच काहीतरी चूक केली असणार.

टाइप २ मधुमेह कळून मला तेव्हा १४ महिने झाले होते. मेटफॉर्मिन दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइडची एक गोळी चालू होती. घरी मी काहीच तपासत नव्हते. तीन-चार महिन्यांनी लॅबमध्ये जायचं, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायची, ती बरी आली की निःश्वास टाकायचा, एवढंच. या वेळी पहिल्यांदा एचबीएवनसी नावाची रक्ततपासणीही सांगितली होती आणि ती ८.१ टक्के आली. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात जितकी साखर त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटते त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ८.१ टक्के म्हणजे सरासरी १८६ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर. उपाशीपोटी ११८, नाश्त्यानंतर १५२, आणि सरासरी मात्र या दोन्हींपेक्षा वर.

"मग दिवसात कधीतरी साखर बरीच वर जात असणार," डॉक्टर म्हणाले. "आपण बघितलेली नाही अशा वेळी."

मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची लाज वाटली. १२ जानेवारीला सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी उपाशीपोटीचं रक्त दिलं. मग घरी येऊन, रिपोर्ट चांगला यावा म्हणून, रोजच्या निम्माच नाश्ता केला. लॅबमध्ये परत वेळेवर पोचले, पण रांग होती. रक्त घेतलं गेलं तेव्हा नाश्ता सुरू करून जवळजवळ अडीच तास झाले होते. रिपोर्टवर मात्र १० वाजून २० मिनिटं अशी वेळ छापलेली होती, कारण ती वेळ पावतीची होती. म्हणजे तो १५२ खरा असला, तरी माझ्या रोजच्या नाश्त्याचा नव्हता आणि दोन तासांनंतरचाही नव्हता. हे सगळं मी डॉक्टरांना त्या दिवशी सांगितलं नाही. घरी ग्लुकोमीटर, म्हणजे बोटाच्या थेंबावरून साखर मोजणारं यंत्र, आणून जेवणानंतर तपासा, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि निघाले.

लॅबमध्ये जाणाऱ्यांनी एवढं तरी करावं: रक्त प्रत्यक्ष घेतलं जातं ती वेळ स्वतः रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, आणि जेवणानंतरच्या तपासणीच्या दिवशी नेहमीचं खाणं आणि नेहमीची गोळी घ्यायची ना, हे आधी विचारून घ्यावं. मला उत्तर मिळालं, हो, दोन्ही नेहमीसारखंच.

यंत्र १७ जानेवारीला घरी आलं. ते तीन दिवस टेबलावर तसंच होतं. सुईची भीती म्हणाल तर होती, पण त्याहून जास्त भीती आकड्याची होती. माझ्या आजोबांना मधुमेह होता. लहानपणी त्यांची तपासणी मी पाहिलेली आहे: परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर चांगलं. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटकरी आलं की घरात शांतता पसरायची. आता कळतं की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडतच नाही. म्हणजे आजोबांच्या निळ्या रंगात ९० सुद्धा मावत होते आणि १७५ सुद्धा. माझ्या हातात पाच सेकंदांत नेमका आकडा सांगणारं यंत्र होतं आणि मी ते उघडत नव्हते.

शनिवारी, २० जानेवारीला, मुलीने समोर बसून पेटी उघडली. यंत्र, पेनासारखं टोचायचं साधन, त्यात बसणाऱ्या बारीक सुया म्हणजे लॅन्सेट, आणि रक्ताचा थेंब लावायच्या ५० पट्ट्यांची डबी. पहिल्या दिवशी चार पट्ट्या वाया गेल्या. दोनदा रक्त कमी पडलं, एकदा मी थेंब पट्टीच्या टोकाला लावायच्या ऐवजी वरून टाकला, आणि एकदा पट्टी घालून इतका वेळ गेला की यंत्र बंद झालं. पाचव्या पट्टीवर आकडा आला: २१९.

मी यंत्र पालथं ठेवलं. मुलगी म्हणाली, "आई, अगं आत्ता तर सुरुवात आहे." मला तेव्हा ते पटलं नाही.

टोचण्याबद्दल जे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते. बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचू नये, तिथे सगळ्यात जास्त दुखतं. नखाच्या बाजूला, कडेला टोचावं. पेनवर खोलीचे आकडे असतात. मी भीतीपोटी सगळ्यात उथळ आकडा ठेवला होता, त्यामुळे रक्त येत नव्हतं आणि मी बोट जोरात पिळत होते. पिळल्यावर रक्तात पेशींभोवतालचा पाण्यासारखा द्रव मिसळतो आणि आकडा चुकू शकतो. खोली एकाने वाढवली, हात कोमट पाण्याने धुतला, अर्धा मिनिट खाली सोडून ठेवला आणि मग टोचलं, की थेंब आपसूक येतो. मी अंगठा आणि तर्जनी वगळते, कारण दिवसभर त्यांनाच काम असतं. बाकीची सहा बोटं आळीपाळीने. वापरलेल्या सुया झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत जातात, उघड्या कचऱ्यात नाही. आणि घरात आणखी कुणाला तपासायचं असेल तरी टोचायचं साधन ज्याचं त्याचं वेगळं.

हात धुण्याचं महत्त्व २७ जानेवारीला कळलं. त्या दुपारी यंत्राने २६३ दाखवले. छातीत धस्स झालं. मग आठवलं, दहा मिनिटांपूर्वी मी मुलीसाठी फळ सोलून दिलं होतं. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या हाताच्या बोटावर परत तपासलं: १४२. पट्टी मायक्रोलिटरभरसुद्धा रक्त घेत नाही, तेवढ्याशा थेंबात बोटावरच्या रसाचा अंशही पुरतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं असेल तर बोट पूर्ण वाळू द्यायला हवं. मी साबण-पाण्यावरच राहिले आहे.

पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करायची, हेही पहिल्याच आठवड्यात शिकले. पट्टीवर एन्झाइम असतं, रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते आणि त्यातून निघणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजतं. अमेरिकन शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेवर हे उभं आहे. एन्झाइमला दमट हवा चालत नाही. म्हणून डबी स्वयंपाकघरात किंवा न्हाणीघरात ठेवू नये. माझ्या डबीवर उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा असं लिहिलेलं आहे. डबीवर छापलेली मुदत न उघडलेल्या डबीची असते. मी झाकणावर उघडल्याची तारीख पेनने लिहिते.

आता जे लिहायला जड जातं ते.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली होती. मी ठेवली. छान रेघा मारल्या, तारीख, वेळ, आकडा. पण २१९ मी लिहिला नाही. दुसऱ्या दिवशीचा १६८ लिहिला. मग २३१ आला, तो लिहिला नाही. मनाशी म्हटलं, आज वेळ चुकली होती, हा धरायचा नाही. त्यानंतर प्रत्येक मोठ्या आकड्याला काही ना काही कारण सापडत गेलं. झोप झाली नव्हती, ऑफिसात ताण होता, बोट नीट पुसलं नव्हतं. इतरांच्या खतावण्यांमधली अशी गाळलेली नोंद मी डोळे मिटून पकडली असती. माझ्या वहीत मीच ती रोज गाळत होते, आणि संध्याकाळी वही चाळून मला बरं वाटत होतं.

१२ फेब्रुवारीला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "यंत्र आणलंय का?" मी आणलं होतं. त्यांनी मागे जायचं बटण दाबत दाबत सगळे आकडे बघितले. यंत्र तारीख-वेळेसकट सगळं साठवतं, हे मला माहीत होतं, तरी ते कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. वहीत १७ नोंदी होत्या. यंत्रात ३१.

ते रागावतील असं वाटलं होतं. ते काही वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "या १४ वेळा तुम्ही काय जेवला होता, आठवतंय?" मला एकही आठवेना. "मला हेच हवं होतं," ते म्हणाले. "आकडा मोठा आला यात तुमचा गुन्हा काही नाही. पण त्या ताटात काय होतं ते कळलं असतं, तर आज आपण काहीतरी बदललं असतं. आता १४ पट्ट्याही गेल्या आणि माहितीही गेली."

मी रडले. मग जानेवारीतल्या अर्ध्या नाश्त्याचंही सांगून टाकलं. ते ऐकल्यावर त्यांनी १५२ वर काट मारली आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

त्या दिवशी त्यांनी जे समजावलं त्याने माझी पद्धतच बदलली. निरोगी माणसात जेवण सुरू झाल्याबरोबर स्वादुपिंड इन्सुलिनचा एक झटपट हप्ता सोडतं. टाइप २ मध्ये हा पहिला हप्ता लवकर कमजोर होतो. म्हणून रात्रभरात साखर खाली येऊन सकाळचा आकडा बरा दिसतो, पण जेवणानंतर ती उसळते आणि उतरायला वेळ लावते. शिवाय मेटफॉर्मिनचा मुख्य लगाम यकृतातून बाहेर पडणाऱ्या साखरेवर असतो, ताटातल्या साखरेवर तितका नाही. जेवणानंतर एकटाच आकडा बघितला तर तो मोठा असला तरी का मोठा ते कळत नाही. आधीच साखर १७० असेल तर नंतरच्या २०० मध्ये जेवणाचा वाटा फक्त ३० चा. म्हणून जोडी हवी: पहिल्या घासाच्या आधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. आणि दोन्हींमधली वजाबाकी.

पहिल्या घासापासून. मी इतके दिवस हात धुवून उठल्यावर घड्याळ लावत होते. सावकाश जेवायची सवय असल्याने माझे दोन तास प्रत्यक्षात दोन तास २५ मिनिटं भरत होते. आता ताट समोर आलं की आधी टायमर, मग घास.

लक्ष्य म्हणून जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत आणि जेवणाआधी ८० ते १३० हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे आकडे डॉक्टरांनी माझ्यासाठी धरले. हे सगळ्यांना लागू नाहीत. गरोदरपणात दोन तासांनी १२० च्या आत इतकं कडक लक्ष्य असतं, आणि खूप वय झालेल्या किंवा साखर पटकन उतरणाऱ्या माणसांसाठी ते सैल ठेवतात. आपला आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावा.

ठरलं ते असं: १३ ते २१ फेब्रुवारी, नऊ दिवस. तीन दिवस नाश्त्याची जोडी, तीन दिवस दुपारच्या जेवणाची, तीन दिवस रात्रीच्या. एकूण १८ पट्ट्या. आणि वहीत ताट आधी लिहायचं, आकडा नंतर. हा क्रम मी स्वतः लावून घेतला, कारण ताट लिहून झालेलं असलं की पुढची जागा मोकळी सोडवत नाही. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी यंत्रातून ते १४ आकडे तारखेसकट उतरवले. ताटाच्या रकान्यात प्रत्येकापुढे "आठवत नाही" लिहिलं.

नऊ दिवसांनी चित्र इतकं साफ निघालं की मी थक्क झाले. नाश्त्यानंतर साखर सरासरी ९६ ने चढत होती, दुपारी ६१ ने, रात्री ७८ ने. दिवसातलं सगळ्यात छोटं खाणं सगळ्यात मोठी उडी मारत होतं. मी मात्र १४ महिने रात्रीच्या जेवणात काटछाट करत आले होते.

२५ फेब्रुवारीच्या रविवारी एका नाश्त्यावर सहा पट्ट्या घालवल्या. आधी १२१, अर्ध्या तासाने १७६, तासाने २४१, दीड तासाने २३६, दोन तासांनी २१४, तीन तासांनी १५८. हे मला हवं म्हणून केलं, रोज करायची गरज नाही. पण एकदा केल्याने दोन गोष्टी डोळ्यांना दिसल्या. एक, शिखर दोन तासांच्या आधीच येऊन जातं. दोन, आकडा खाली येतो. आपोआप, औषधाने आणि वेळेने, पण येतो. २१४ बघून घाबरून बसलेल्या मला तासाभराने १५८ दिसले, तेव्हा महिनाभरात पहिल्यांदा यंत्र हातात धरून शांत वाटलं.

मग एकेका गोष्टीचा पाठपुरावा सुरू झाला, आठवड्याला दोन जोड्या या बेताने. एका वेळी एकच बदल, हा माझा हट्ट होता. नाश्त्यातला धान्याचा भाग निम्मा केला आणि त्याजागी प्रथिनं वाढवली. तीन जोड्यांत चढ सरासरी ४८ वर आली. दुपारी ताट तेच ठेवलं, पण भाज्या आणि डाळ आधी, धान्याचा पदार्थ शेवटी. ६१ ची चढ ४२ झाली. घरच्यांना हे जेवणं विचित्र वाटलं, पण चवीत काही गेलं नाही.

चालण्याचा फरक सगळ्यात बोलका होता. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला २०१६ चा एक अभ्यास मी वाचला होता. टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना एका टप्प्यात दिवसातून कधीही ३० मिनिटं चालायला सांगितलं, आणि दुसऱ्या टप्प्यात तीच ३० मिनिटं तीन जेवणांनंतर दहा-दहा अशी वाटून. दुसऱ्या प्रकारात जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. मी पहाटे ४० मिनिटं चालणारी बाई. ते बंद न करता रात्री जेवण झाल्यावर १५ मिनिटं वाढवली. सारखंच ताट, तीन रात्री न चालता: ७८, ८४, ७१ ची चढ. तीन रात्री चालून: ४९, ५५, ४१. नवराही आता बरोबर येतो. त्याला मधुमेह नाही, पण त्या १५ मिनिटांत आमचं बोलणं होतं, जे दिवसभरात होत नसे.

१४ मार्चला एक वेगळाच प्रसंग घडला. ऑफिसातून यायला उशीर झाला, जेवण लांबलं, हात थोडे थरथरत होते. भूक लागली असेल म्हणून जेवायला बसणार, तर जोडीतला आधीचा आकडा घ्यायचा म्हणून टोचलं: ६६. ७० च्या खाली म्हणजे साखर उतरली. ग्लिमेपिराइड इन्सुलिन सोडायला लावतं, जेवण लांबलं तरी त्याचं काम चालूच राहतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं तसं १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायले, १५ मिनिटं थांबले, परत तपासलं: ८१. मग जेवले. दुसऱ्या दिवशी फोन केल्यावर त्यांनी ती गोळी निम्मी केली. जेवणानंतरची तपासणी म्हणून सुरू केलेल्या या उद्योगात जेवणाआधीच्या पट्टीने मला सावध केलं. पट्ट्या वाचवायच्या म्हणून आधीची तपासणी गाळू नका, निदान अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर नाहीच.

खर्चाचं बोलायचं तर यंत्र एकदाच घ्यावं लागतं, पैसे जातात ते पट्ट्यांवर. म्हणून घेण्याआधी यंत्राची नाही, त्याच्या पट्ट्यांची किंमत विचारावी. माझ्या विम्यात पट्ट्यांची भरपाई मिळू शकते असं कळलं आणि २२ फेब्रुवारीला अर्ज केला. १२ मार्चला तो परत आला. कारणं दोन: चिठ्ठीवर नुसतं "पट्ट्या" लिहिलं होतं, रोज किंवा आठवड्याला किती आणि किती महिने ते नव्हतं, आणि मधुमेहाचा प्रकार लिहिलेला नव्हता. डॉक्टरांकडून चिठ्ठी नव्याने घेतली, त्यावर "टाइप २, आठवड्याला ४ तपासण्या, ३ महिने" असं स्पष्ट लिहवून घेतलं, आणि १५ मार्चला पुन्हा दिला. मग विमा कंपनीने महिन्याच्या नोंदींची प्रत मागितली. वहीची पानं, "आठवत नाही" लिहिलेल्या पानासकट, झेरॉक्स करून पाठवली. ८ एप्रिलला मंजुरी आली. एकूण ४६ दिवस. बिलावर आपलं नाव चिठ्ठीवरच्यासारखंच छापलं आहे ना, हे दुकानातच बघून घ्या, आणि प्रत्येक कागदाची प्रत जवळ ठेवा.

१२ एप्रिलला परत लॅब. गोळी घेतली, रोजचा नाश्ता पूर्ण केला, पहिल्या घासाला टायमर लावला आणि या वेळी खिडकीवर आधीच सांगून ठेवलं की मला ठरलेल्या मिनिटाला आत घ्या. घेतलं. शिरेतून रक्त काढल्याबरोबर तिथेच बाकावर बसून मी स्वतःच्या यंत्रावरही तपासलं. लॅबचा आकडा १६३, माझा १७७. आधी वाटलं यंत्र बिघडलं. पण घरगुती यंत्रांसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या वरच्या आकड्यांना १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, आणि जेवणानंतर बोटाच्या केशवाहिनीतलं रक्त शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त साखर दाखवतंच, कारण शिरेत पोचेपर्यंत पेशींनी काही साखर उचललेली असते. माझा फरक ८.६ टक्के होता. तेव्हापासून १७५ आणि १८२ यात मी फरक करत नाही. दिशा बघते.

१५ एप्रिलला पुन्हा तो कागद. उपाशीपोटी १०९, नाश्त्यानंतर १६३, एचबीएवनसी ६.९ टक्के, म्हणजे सरासरी १५१. डॉक्टरांनी काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवला. मी बघितलं, या वेळी सरासरी दोन्ही आकड्यांच्या मधे बसत होती, आणि मान डोलावली.

त्या तीन महिन्यांत एकूण ९६ पट्ट्या गेल्या. रोज तीन-चार वेळा टोचायची मला गरज नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित निराळं असतं. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या कित्येकांना डॉक्टर रोजची तपासणी सांगतही नाहीत, आणि मला ते पटतं. ज्या आकड्यावरून आपण ताटात, चालण्यात किंवा औषधात काही बदलणार नाही, त्याच्यासाठी बोट टोचून नुसतं मन दुखतं. दंडावर १४ दिवस लावायचा सेन्सरही डॉक्टरांनी सुचवला होता. तो रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे जेवणानंतर झपाट्याने चढणारा आकडा त्यात काही मिनिटं मागे असतो. पुढे कधीतरी लावेन.

माझी चुलत बहीण मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "मला पण घ्यायला सांगितलंय गं ते यंत्र. हिंमत होत नाही." मी तिला नव्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. तिने त्यावर काही विचारलं नाही, फक्त तिच्या यंत्राची पेटी उघडली तेव्हा मला फोन लावून ठेवला. पहिला आकडा २४४ आला. "लिही," मी म्हटलं, "आणि काय जेवलीस तेही लिही."

दुसऱ्या डबीत चार पट्ट्या उरल्या आहेत आणि झाकणावरच्या तारखेप्रमाणे त्या २० मे पर्यंत वापरायच्या आहेत. दोन उद्यासाठी बाजूला काढल्यात. नाश्त्याबरोबर अख्खं फळ खाल्लं तर किती चढते, ते अजून बघायचं राहिलंय.